टाकीवरचं नाव आणि बाबांचा अबोला

मावशी,

मी 27 वर्षांची. कळव्यात, खारेगावला आईबाबांबरोबर राहते, नोकरी ऐरोलीला. चार वर्षं स्कूटर चालवली, आता मोटरसायकल घ्यायची आहे. पैसे माझे, कर्जही माझ्याच नावावर. होंडाची हायनेस सीबी350 मनात भरली. घरात सांगितलं त्या रात्री बाबा अर्ध्या जेवणावरून उठले. म्हणाले, "घ्यायची तर बुलेट घे. जपानी गाडी या दारात लागणार नाही. बाबू गेनू ट्रकखाली गेला तो याच्यासाठी?"

बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातायचे. 24 वर्षं एकाच वर्कशॉपमध्ये मोटरसायकलचे पार्ट बनवले. मग मोठ्या गिऱ्हाइकाने चीनचा माल घ्यायला सुरुवात केली आणि 2013 साली शॉप बंद झालं. पुढे ते रबाळ्याला स्टोअरमध्ये लागले, पण लेथवर पुन्हा उभे राहिले नाहीत. त्यांचा मायक्रोमीटर, जाडी बारीक मोजायचं साधन, अजून कपाटात आहे, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला. त्यांची 1997 ची हीरो होंडा स्प्लेंडरही आहे, रविवारी तासभर पुसत बसतात.

काकांनी फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "पाडव्याच्या स्वागतयात्रेत जपानी गाडीवर बसून भगवा फडकवणार का?" त्याखाली एका चुलतभावाने "देशद्रोही" लिहून हसरे चेहरे टाकले. बाबांनी वाचलं आणि काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. तीन आठवडे झाले, चहा हवा असला तरी आईला सांगतात. मी 5,000 रुपये भरून गाडी बुक केलीय, हे घरात कुणाला माहीत नाही. मैत्रिणी म्हणतात, सरळ गाडी आणून दारात उभी कर. माझं चुकतंय का?

— कळव्याची एक मुलगी

बाळा,

आधी तो शब्द. स्वतःच्या कमाईने गाडी घेणाऱ्या, कर्जाचे हप्ते स्वतः फेडणाऱ्या, आईबाबांना धरून राहणाऱ्या मुलीला "देशद्रोही" म्हणायचं आणि खाली हसरे चेहरे टाकायचे, हे मला अजिबात चालत नाही. हा शब्द फार जड आहे, जेवणाच्या पंगतीत चटणीसारखा वाढायचा नाही. त्या चुलतभावाला ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. काकांना मात्र फोन कर आणि एवढंच सांग की गाडीचं माझं नि बाबांचं बोलणं चाललंय, तुम्हाला त्यात यायचं असेल तर घरी या, समोर बसून बोलू. मोठ्या माणसाशी मान राखून बोलायचं, पण बोलायचं.

आता बाबा. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तू गाडीबद्दल विचारलंस, पण पत्रात सगळ्यात जपून लिहिलेली ओळ मायक्रोमीटरची आहे. फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला, हे तू मुद्दाम लिहिलंस. म्हणजे कुठे दुखतंय ते तुलाही ठाऊक आहे.

माझे सासरे भांडुपला होते, ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियात. तिथे लॅम्ब्रेटा स्कूटर बनायची. मी लग्न होऊन नौपाड्यात आले तेव्हा संध्याकाळी सगळे मिळून तलावपाळीला फिरायला जायचो. रस्त्याने एखादी लॅम्ब्रेटा गेली की सासऱ्यांचं बोलणं मधेच थांबायचं. आवाज दूर जाईपर्यंत ते ऐकत उभे राहायचे आणि मग म्हणायचे, "आमची आहे." नाव इटालियन, मिलानजवळच्या लांब्राते नावाच्या वस्तीवरून पडलेलं. त्यांनी मिलान नकाशात कधी शोधलंही नसेल. पण तिच्यावरून त्यांचा हात फिरला होता, म्हणून ती आमची. त्यांना कुणी सांगितलं असतं की तुम्ही परदेशी गाडीचं कौतुक करता, तर त्यांना ते कळलंच नसतं.

तुझ्या बाबांच्या स्प्लेंडरच्या टाकीवर काय लिहिलंय, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. हीरो होंडा. जे नाव दारात नको म्हणतात, तेच ते दर रविवारी पुसतात. हे तू भांडणात वापरायला राखून ठेवलं असशील, तर माझं ऐक, वापरू नकोस. बाप पोरीपुढे हरला की घरात कुणीच जिंकत नाही. ती टाकी पुसताना त्यांना जपान दिसत नाही, त्यांना 1997 दिसतं. तू अजून जन्मलीही नव्हतीस, शॉप चालू होतं, आणि रस्त्यावर धावणाऱ्या कुठल्या तरी गाडीत आपल्या हातची पिन किंवा बुश असेल, हे मनात धरून ते कळव्याचा खाडीपूल ओलांडायचे.

म्हणून मी म्हणते, आधी वादातल्या वस्तू जरा नीट बघू. बाबांना सांगण्यासाठी नव्हे, तुझ्या स्वतःच्या मनासाठी.

बुलेट बाबांना देशी वाटते, आणि आज ती आहेच. पण जन्माने ती इंग्लंडातल्या रेडिचची, रॉयल एन्फिल्ड कंपनीची. 1955 साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली ती आपल्या लष्कराला गाड्या पुरवायच्या निमित्ताने. 1970 च्या सुमाराला तिकडची कंपनी बुडाली आणि मद्रासची चालत राहिली. 1994 मध्ये ती आयशर या देशी कंपनीकडे आली, आणि आता इथून बनून साहेबाच्याच देशात विकायला जाते. मला याचा मनापासून अभिमान वाटतो. बाबांनाही तो वाटत असेल तर त्यात काहीच गैर नाही. पण तो अभिमान कशाचा? परक्याचं काम घेऊन, शिकून, टिकवून, आपलंसं केल्याचा.

घोडबंदर रोडला पोरं ज्या नारिंगी केटीएम पळवतात, ती नावाने ऑस्ट्रियाची. बजाजने 2007 पासून त्या कंपनीत पैसा घालायला सुरुवात केली, 2012 ची ड्यूक 200 चाकणहून आली, आणि ती कंपनी दिवाळखोरीत अडकल्यावर 2025 साली तिची सूत्रंच पुण्याकडे आली. ट्रायम्फच्या 400 च्या गाड्याही चाकणलाच बनतात. नॉर्टन हे जुनं इंग्लिश नाव 2020 पासून टीव्हीएसच्या मालकीचं आहे. आणि होंडा? ती कंपनी पूर्णपणे जपानी मालकीची, पण तिच्या इथल्या दुचाक्या बनतात मानेसर, टपूकडा, नरसापुरा आणि विठ्ठलापूरला. तिथे लेथवर उभा असणारा माणूसही कुणाचा तरी बाबाच आहे.

एवढं वाचून तुला वाटेल, मावशीने माझी बाजू घेतली. थांब. बाबांचं म्हणणं मी निम्मं खरं मानते, आणि ते निम्मं तू "आजकाल कोण बघतं" म्हणून झटकू नयेस.

कारखाना इथे आहे म्हणून सगळं इथे राहतं असं नाही. पगार इथे राहतो, कर इथे राहतो, सुटे भाग बनवणाऱ्या लहान शॉपांना काम इथे मिळतं. नफा मालकाच्या देशी जातो. आणि नफ्याहून मोठी गोष्ट म्हणजे विद्या. इंजिनाचं ड्रॉइंग कुणाच्या टेबलावर जन्मतं, हा प्रश्न खरा आहे. हीरो आणि होंडा 1984 मध्ये एकत्र आले, आणि 2001 पासून ती जगातली सगळ्यात जास्त दुचाक्या बनवणारी कंपनी होती. पण 2010 च्या डिसेंबरात काडीमोड ठरला तेव्हा इंजिनाची विद्या होंडाची होती. पुढे हीरोने 2016 साली जयपूरला स्वतःचं संशोधन केंद्र उभं केलं. 26 वर्षं दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम केल्यावर स्वतःचं टेबल मांडायला किती कष्ट पडतात, हे तुझ्या बाबांसारख्या कारागिराला कुणी समजावून सांगायला नको. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्याच ड्रॉइंगवर काम केलं.

बजाजचंही तसंच. 1986 मध्ये कावासाकीचा हात धरून मोटरसायकल बनवायला शिकले आणि 2001 साली पल्सर काढली. टीव्हीएस सुझुकीपासून 2001 मध्येच वेगळी झाली. हे मला कमीपणाचं वाटत नाही. टिळकांच्या काळात, ऐन स्वदेशीच्या भरात, अंताजी दामोदर काळ्यांनी माणसामागे एक एक पैसा मागून पैसा फंड जमवला आणि 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तिथे काच ओतायला शिकवणारे ईश्वरदास वार्ष्णेय कुठे शिकून आले होते? जपान आणि अमेरिकेत. स्वदेशीवाल्यांनी बाहेरच्या विद्येला कधी दार लावलं नव्हतं. ती इथल्या हातात यावी, एवढाच त्यांचा हट्ट होता.

आता बाबू गेनू. बाबांनी त्याचं नाव घेतलं म्हणून ते बाजूला सारून पुढे जाणं मला जमणार नाही. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा पोरगा, मुंबईच्या गिरणीत कामगार, वय बावीसच्या घरात. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि ट्रक अंगावरून गेला. त्या कापडाचा कापूस इथून जायचा, कापड तिथून यायचं, आणि त्याच्या आड सरकार उभं होतं. इथल्या मागवाल्याला बोलायचा अधिकार नव्हता. तो ज्याच्यासमोर आडवा झाला ती नुसती परदेशी वस्तू नव्हती, इथल्या हातांचं काम काढून घेणारी सत्ता होती. त्याचं नाव घेताना तुझ्या बाबांच्या डोळ्यांसमोर कोण होतं असं तुला वाटतं? मला वाटतं, ते स्वतःच होते. त्यांचंही काम एका ट्रकने, नाहीतर एका कंटेनरने नेलं, आणि त्यांना आडवं व्हायला रस्तासुद्धा मिळाला नाही.

24 वर्षं लेथवर उभं राहणं म्हणजे काय, ते मी थोडं जवळून पाहिलंय. माझा धाकटा दीरही टर्नर होता. घरी आला की आधी रॉकेलने, मग साबणाने हात धुवायचा, तरी नखांच्या कडा काळ्याच. कुणाच्याही मोटरसायकलपाशी थांबला की पुढच्या फोर्कच्या दांड्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचा आणि न विचारता सांगायचा, फिनिश चांगलं आहे किंवा नाही. दहा मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक त्याला बोटाला कळतो असं म्हणायचा. आम्ही हसायचो. एकदा घरी मायक्रोमीटर आणून त्याने माझ्या डोक्याचा एक केस मोजून दाखवला, मग मी हसणं थांबवलं. असा हात असलेल्या माणसाला एके दिवशी सांगायचं की तुझा पार्ट बाहेरून स्वस्त येतो, म्हणजे पार्ट नाही, त्याचा हात नाकारल्यासारखं होतं. त्यानंतर तुझे बाबा स्टोअरमध्ये बसून बिलांवर सह्या करत राहिले. त्यांनी घर चालवलं, तुला शिकवलं. आणि या बारा वर्षांत घरात कुणी त्यांना विचारलं का, की बाबा, शॉपमधला शेवटचा दिवस कसा गेला?

तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही. ज्या गिऱ्हाइकाने ऑर्डर काढून चीनला दिली, ती कंपनी देशी होती की परदेशी? तू लिहिलं नाहीस, बहुतेक तुलाही माहीत नाही. विचार त्यांना. ती देशी नावाची निघाली तर त्यांनी एवढी वर्षं हे मनात कसं सांभाळलं असेल, याचा विचार कर. परदेशी निघाली तर जपानी नावावरचा राग तुला निराळाच दिसेल. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी उत्तरावर लगेच बोलू नकोस. "बघा, म्हणजे..." असं तर मुळीच नाही. ऐक, आणि चहा कर.

तिथे कसं पोहोचायचं? येत्या रविवारी ते स्प्लेंडर पुसायला बसले की एक फडकं घेऊन तूही बस. अबोला धरलेल्या माणसाशी समोरासमोर बोलता येत नाही, शेजारी बसून काहीतरी करताना येतं. पहिला अर्धा तास गाडीचा विषय काढू नकोस. मग मायक्रोमीटर बाहेर काढायला सांग. मोजायला शिकव म्हणावं. खोटंखोटं नको, खरंच शीक. त्यानंतर त्याच बैठकीत बुकिंगचं सांग, कारण ते लपवलंस ही या सगळ्यातली एकच गोष्ट आहे जिथे तुझं चुकलं. गाडी कुठली घ्यायची हा तुझा हक्क आहे, पण त्यांना शेजाऱ्याकडून कळावं असं त्यांनी काही केलेलं नाही. मैत्रिणींचा सल्ला ऐकून गाडी दारात आणून उभी केलीस तर त्यांना वाटेल, आणखी एकदा कुणी न विचारता निर्णय घेऊन मोकळं झालं.

कदाचित ते चिडतील. उठून जातील. जाऊ दे. आईला मध्ये घालू नकोस, त्या माउलीने तीन आठवडे चहाचे निरोप पोचवलेत तेवढे पुरेत.

त्यांचा विरोध कायमच राहिला तर काय, असं तू विचारशील. तर तुला आवडलेली गाडी घे. माझं हे ठाम मत आहे. रोज कळव्याहून विटावा, दिघा करत ऐरोलीला जाणारी तू आहेस, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी साचतं तेव्हा हँडल तुझ्या हातात असणार. देशाचा हिशेब एकट्या तुझ्या पार्किंगमध्ये चुकता व्हायचा नाही. तुला देशासाठी खरंच काही करायचं असेल तर सुटे भाग घेताना अस्सल बिल घे, सिग्नलला थांब, कर वेळेवर भर. आणि तुझ्या कंपनीत खरेदीच्या टेबलावर बसणारी माणसं असतील तर वागळेतल्या, रबाळ्यातल्या लहान शॉपांचा माल नुसता महाग म्हणून फेकून देऊ नका, एवढं त्यांना सांग. तुझ्या बाबांना असं सांगणारं कुणी हवं होतं.

निवड करताना मात्र दोन्ही गाड्या चालवून बघ, हट्टाला पेटून नव्हे. बुलेट 195 किलोची, हायनेस 181 ची. 14 किलोचा फरक चालत्या गाडीत कळत नाही, सोसायटीच्या उतारावर गाडी मागे ढकलताना कळतो. दोन्हींची सीट साधारण 800 मिलिमीटरवर आहे. दोन्ही पाय टेकतात का ते शोरूममधल्या गुळगुळीत फरशीवर नको, बाहेर रस्त्यावर बघ. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि दोन्ही गाड्या त्यात बसतात, तेव्हा करापायी इकडची तिकडे करायचं कारण नाही. सर्व्हिसिंगचं आधी विचार. होंडाच्या या मोठ्या गाड्यांची बिगविंग शोरूम वेगळी असतात, कोपऱ्यावरच्या अॅक्टिव्हाच्या सर्व्हिस सेंटरवर विसंबू नकोस. चालवल्यावर बुलेट जास्त आवडली तर बाबांपुढे हार मानल्यासारखं वाटून ती नाकारू नकोस. होंडाच आवडली तर पाडव्याला नऊवारी नेसून, फेटा बांधून तिच्यावरच बस. ठाण्याच्या स्वागतयात्रेत गाडीचं कूळ विचारायला कुणी उभं नसतं, आणि असलंच तर तुला उत्तर माहीत आहे.

शोरूमला बाबांना घेऊन जा. "परवानगी द्या" म्हणून नको, "तपासून द्या" म्हणून. तिथला पोरगा मायलेज आणि ब्लूटूथ सांगत राहील, त्याला जरा बाजूला थांबायला सांग. बाबांना गाडीजवळ एकटं सोड. ते वाकून फोर्क बघतील, नख फिरवतील, इंजिन सुरू करायला लावून कान देतील. त्यांना घाई करू नकोस. फिनिशबद्दल ते जे बोलतील ते मला लिहून कळव, मला खरंच ऐकायचंय.

हेल्मेट घेताना आयएसआयचा शिक्का बघ आणि एक बाबांच्या मापाचंही घे. स्प्लेंडरच्या आरशाला लटकणारं त्यांचं हेल्मेट आता फार जुनं झालं असणार.

तुझी,
मावशी